अर्धा सेकंद मागे

सासूबाईंचा मोतीबिंदू पिकला आणि माझी झोप उडाली. कोणी म्हणेल, केवढी ही माया. माया होतीच, नाही असं नाही, पण झोप उडायचं कारण वेगळं होतं. ऑपरेशननंतर सहा आठवडे त्यांना वाचायला सक्त मनाई असणार होती आणि त्यांची पोथी रोज कोणीतरी वाचून दाखवायला हवी होती. रोज सकाळी एक अध्याय, पोथी संपली की पुन्हा पहिल्यापासून, असा त्यांचा नेम. लग्न होऊन दिल्लीला आल्यापासून तो एकदाही मोडला नव्हता. माझ्या नवऱ्याच्या वेळी त्या बाळंतीण होत्या, तेव्हासुद्धा आजेसासूबाईंनी रोज शेजारी बसून त्यांना अध्याय ऐकवला होता. म्हणजे घरातल्या माणसाने वाचलं आणि आपण ऐकलं तरी नेम पाळला जातो, हे त्यांच्या हिशेबी पक्कं होतं.

घरात माणसं तीनच. नवरा केंद्र सरकारात, संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं तयार करणाऱ्या विभागात. थंडीत अधिवेशन सुरू झालं की तो साडेसातलाच घर सोडायचा. पोथीची वेळ नऊची, आंघोळ-पूजा झाल्यावर. राहिले मी. आणि मला वाचता येत नव्हतं.

हे वाक्य मी आज भाजीवाल्यालाही सांगते. तेव्हा ते जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं. एक माझी ताई आणि दुसरा नवरा. मी शाळेत गेले नाही असं नाही, चांगली बी.ए. झाले पुण्यात. अक्षरं मला ओळखू येतात, एकेकटी भेटली तर. चार-पाच एकत्र आली की माझी फजिती होते. लग्नाच्या मांडवात ओळखीची दहा माणसं एकदम समोर आली की एकाचंही नाव आठवत नाही ना, तसं. एक ओळ लावायला मला इतका वेळ लागतो की तोवर चहा उतू जातो. पण माझे कान तयार होते. ताई मोठ्याने अभ्यास करायची, नंतर माझी पुस्तकंही मोठ्याने वाचायची आणि मी ऐकून ठेवायचे. एकदा ऐकलेलं माझ्याकडून जात नाही, याचा मला आजही गर्व आहे. पेपरात जे लिहिलं ते परीक्षकांनी कसं वाचलं हे तेच जाणोत. थर्ड क्लास मिळाला. याला डिस्लेक्सिया म्हणतात, हे मला केस पांढरे झाल्यावर टीव्हीवरच्या एका बाईंकडून कळलं. तोवर मी त्याला मठ्ठपणा म्हणत होते.

नवऱ्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या दारात तो चिठ्ठी अडकवून गेला होता. मी मंडईतून आले, चिठ्ठी काढली आणि जिन्यात बसून राहिले. तीन तासांनी तो परत आला तेव्हा मी तिथेच, हातात चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, चावी शेजारी ठेवली आहे. त्याने एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग शेजारून चावी आणली, चहा केला आणि म्हणाला, "आता सांग." मी सांगितलं. आणि त्याच्याकडून शब्द घेतला, आईंना कळता कामा नये.

कारण आई, म्हणजे सासूबाई, स्वतः मॅट्रिक होत्या आणि सून बी.ए. असल्याचा त्यांना फार अभिमान होता. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काम करून त्या वर्षभरापूर्वीच रिटायर झाल्या होत्या. कॉलनीतल्या पंजाबी बायका असोत की बंगाली, ओळख करून देताना त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "ये मेरी बहू है, ग्रॅज्युएट है." मी मान खाली घालायचे आणि त्या बायकांना वाटायचं, किती विनयी मुलगी. चार वर्षं मी त्या एका वाक्याच्या आधाराने त्या घरात उभी होते. ते वाक्य खोटं आहे असं त्यांना कळलं तर माझं तिथे काय राहील, हा विचारसुद्धा मी पुरा करत नसे.

ऑपरेशनची तारीख पक्की झाली. तेव्हा दिल्लीत मोतीबिंदू थंडीतच काढायचा अशी सगळ्यांची समजूत होती. मी ताईला ट्रंक कॉल लावून रडले. ताई म्हणाली, "रडतेस काय, मी टेप करून पाठवते. कॅसेट लावून दे त्यांना."

मी सासूबाईंना आडून विचारून पाहिलं. म्हटलं, "आई, हल्ली पोथ्यांच्या कॅसेट मिळतात म्हणे."

"मिळतात ना," त्या म्हणाल्या. "पण मशीनने वाचलं तर पुण्य मशीनला. आपल्याला काय? पोथी समोर उघडलेली पाहिजे, वाचणाऱ्याची नजर अक्षरावर पाहिजे आणि घरातलं माणूस पाहिजे. तू आहेस ना. अच्छा वाचशील तू."

म्हणजे कॅसेट बाद. पण ताईच्या डोक्यात एक आणि माझ्या डोक्यात दुसरंच. मी नवऱ्याला पालिका बाजारात पाठवलं आणि वॉकमन आणवला. बेत साधा होता. ताईचा आवाज माझ्या कानात, माझा आवाज सासूबाईंच्या कानात. ती एक चरण म्हणेल, तिच्या मागोमाग मी तोच म्हणेन. समोर पोथी उघडी, नजर अक्षरावर, माणूस घरातलं. तिन्ही अटी पुऱ्या. फसवणूक म्हणाल तर एवढीशी.

मी आठवडाभर सराव केला. ऐकताना बोलायचं आणि बोलताना पुढचं ऐकायचं, हे वाटतं तितकं अवघड नाही. निदान मला नव्हतं. अवघड होतं ते लपवणं. पण थंडीने साथ दिली. स्वेटरच्या खिशात वॉकमन, वायर आतून वर आणि डोक्यावरून शाल. एक बोळा कानात, दुसरा पदराआड लोंबत. सासूबाईंच्या एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यातही मोतीबिंदू, त्यामुळे त्यांना मी म्हणजे एक उंच धुकं दिसत असे. तरी पहिल्या दिवशी त्यांनी हाताने चाचपलं आणि म्हणाल्या, "पोथीसाठी डोकं झाकलंस? मी कधी सांगितलं नव्हतं हं. बरं वाटलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी बटण दाबलं आणि सुरू केलं.

मागच्या व्हरांड्यात ऊन यायचं. तिथे त्या वेताच्या मोढ्यावर बसायच्या, हात जोडून, पाय शालीत गुंडाळून. मी समोर चटईवर. पोथीची सुटी पानं, ती मधूनमधून उलटल्याचा आवाज यायला हवा, म्हणून मी अंदाजाने उलटत असे. एकदा अध्याय संपायच्या आधी माझी पानंच संपली; मग मी मागची चार हळूच पुढे आणली आणि पुन्हा उलटली. वाचन मात्र झकास चाललं होतं. पहिल्या आठवड्यानंतर सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुझ्या बायकोची वाणी शुद्ध आहे रे." नवऱ्याला ठसका लागला.

कॅसेट पुण्याहून येत त्याही एका खटाटोपाने. ताईचे यजमान राज्य सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्या ऑफिसातलं कोणी ना कोणी दर दहा-बारा दिवसांनी दिल्लीला यायचं आणि कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात उतरायचं. ताई त्यांच्या हाती पुडकं द्यायची. मी बसने त्याच्या जवळच्या मंडी हाऊसच्या स्टॉपला जायचे. बसचा नंबर वाचणं ही माझ्यासाठी परीक्षाच, म्हणून प्रत्येक बसच्या दाराशी जाऊन "भैया, मंडी हाऊस?" विचारायचे. कंडक्टर ओरडायचे, "मॅडम, सामने लिखा है." लिहिलेलं असायचंच, बिल्कुल. तिथे पोचल्यावर कोणी अनोळखी साहेब पुडकं हातात ठेवून विचारत, "यात काय आहे हो एवढं?" मी म्हणायचे, "पोथी." ते आदराने नमस्कार करायचे आणि मी घाईने बाहेर पडायचे.

दहा-बारा दिवस झाले असतील. ताई आपल्या स्वयंपाकघरात बसून टेप करायची, हे मला ठाऊक होतं. भांड्यांचे आवाज यायचे, कधी कावळा. त्या दिवशी ती चांगली रंगात आली होती आणि मीही. भक्ताच्या घरी देव पाहुणा येतो असा काहीतरी प्रसंग. मी तिच्या मागोमाग म्हणत गेले, आणि त्याच चालीवर, त्याच भक्तिभावाने म्हणाले, "अगं गॅस बंद कर, कुकरच्या चार झाल्या."

म्हणून झाल्यावर मला कळलं मी काय म्हणाले ते. ताई टेपमध्ये पुढे निघूनही गेली होती.

सासूबाई म्हणाल्या, "कुकर लावलायस का?"

"हो," मी म्हटलं. "बंद करून आलेच." मी उठून स्वयंपाकघरात गेले, थंडगार गॅसचं बटण एकदा इकडे एकदा तिकडे फिरवलं, टेप मागे घेतली आणि परत येऊन बसले. त्या म्हणाल्या, "चलो, पुढे." मला वाटलं, सुटले.

पाचवा आठवडा लागला. पट्टी जाऊन काळा चष्मा आला होता. डॉक्टर खूश होते. अजून थोडे दिवस काढले की त्यांना नवा नंबर मिळणार, आणि माझी सुटका. त्या सकाळी धुकं इतकं की व्हरांड्यात ऊन नावालाच होतं. मी सुरू केलं. पाच मिनिटं नीट गेली. मग ताई जरा सावकाश वाचायला लागली. मला वाटलं, प्रसंग गंभीर आहे. मीही सावकाश झाले. तिचा आवाज जड झाला, खाली गेला. मीही आवाज खाली नेला. ती एकेक अक्षर ओढायला लागली आणि मी इमानाने तेवढंच ओढत राहिले. एक बाई पोथी वाचता वाचता पुरुष होत चालली आहे, असं काहीसं ते ऐकू येत असणार. शेवटी कानात एक लांब गुरगुर झाली आणि सगळं बंद.

मी पोथीकडे पाहत राहिले. ओळी होत्या, शब्द होते, सगळे एकदम समोर आले होते.

सासूबाईंनी वाट पाहिली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "सेल गेले का गं?"

मला त्या क्षणी चटईखाली शिरावंसं वाटलं. त्याच पुढे बोलल्या. "दुसरे असतील तर घाल. मी थांबते."

"नाहीत," मी म्हटलं. मग म्हटलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. कानातून गळतो ना आवाज. तीस वर्षं तेच ऐकलंय मी. आणि तू बोलतेस ते अर्धा सेकंद मागे. आमच्या बोर्डावर नवी मुलगी आली की अशीच बोलायची, ऐकून ऐकून."

"मग बोलला का नाहीत?"

"लाइन चालू असताना ऑपरेटरने मधे बोलायचं नसतं," त्या म्हणाल्या. जसं काही हे सगळ्यांना माहीत असतं. "मला वाटलं, जुनी मराठी आहे, उच्चार चुकतील म्हणून घाबरतेस. ताईचा आवाज आहे ना तो? छान वाचते. आता राहिलेलं तू वाच. चुकलं तर मी सांगेन."

म्हणजे त्यांना अर्धंच कळलं होतं. आणि उरलेलं अर्धं सांगण्यावाचून माझ्याकडे काही उरलं नव्हतं. खोटं सुचलं असतं तर मी बोलले असते, पण सुचलंच नाही. मी म्हटलं, "आई, मला वाचता येत नाही."

"चष्मा लागलाय?"

"नाही. वाचताच येत नाही. लहानपणापासून."

त्यांचे जोडलेले हात सुटले. "बी.ए. ना तू?"

"ऐकून केलं."

"सगळं?"

"सगळं."

काळ्या चष्म्यामागे काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं. मग त्या एकदम ताठ बसल्या. "मग माझ्या डोळ्यात महिनाभर कुठले थेंब घालते आहेस तू?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. थेंबांच्या दोन बाटल्या होत्या, सारख्याच. एक दिवसातून चारदा, एक रात्री. मी म्हटलं, "रात्रीच्या बाटलीला लाल दोरा बांधलाय. दुकानातून आणल्या त्याच दिवशी, यांना विचारून."

"आण इकडे."

मी बाटली आणली. त्यांनी बोटांनी दोरा चाचपला, गाठ ओढून पाहिली. बाटली मला परत दिली आणि म्हणाल्या, "आधी अध्याय पुरा करू. बोट ठेव ओळीवर. मी म्हणते, माझ्या मागून म्हण."

आणि त्यांनी पाठ म्हणायला सुरुवात केली. इतकी वर्षं रोज वाचून पोथी त्यांना पाठच होती. पण नुसतं पाठ म्हणणं म्हणजे वाचन नव्हे, असं त्यांचं मत. म्हणून माझं बोट. बोट कुठल्या ओळीवर आहे हे त्यांना दिसत नव्हतं आणि मला कळत नव्हतं. त्यांनी म्हणायचं, मी म्हणायचं, अर्धा सेकंद मागे. अध्याय पुरा झाला. नेम राहिला.

त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. अध्याय तेवढा व्हायचा, रोज नऊला, त्या पुढे मी मागे. तो संपला की तोंड बंद. जेवायला वाढलं तर जेवायच्या, थेंब घालायला गेले तर मान वर करायच्या. शेजारची आंटी आली तेव्हा त्यांनी माझी ओळख "ये मेरी बहू है" इतकीच करून दिली आणि थांबल्या. ते थांबणं मला अजून आठवतं. नवरा म्हणाला, "जरा वेळ दे तिला." ती त्याची आई होती, त्याला काय जातंय बोलायला. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि सासूबाईंचा त्याहून जास्त, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली. "मोठा टेपरेकॉर्डर आण. आणि एक कोरी कॅसेट." मी आणून ठेवला. त्यांनी विचारलं, "लाल बटण कुठलं?" मी बोट धरून दाखवलं. त्यांनी घसा साफ केला आणि एक्स्चेंजमधल्या आवाजात, एकेक आकडा सुटा करून, बोलायला सुरुवात केली. बँकेच्या फॉर्ममध्ये वरून पहिल्या रकान्यात काय, दुसऱ्यात काय. गॅसचं बुकिंग करताना कुठला नंबर सांगायचा. त्यांच्या तीन बहिणींचे फोन नंबर. मंडी हाऊसला कुठल्या बसा जातात. पाऊण तास बोलल्या. मग म्हणाल्या, "हे ऐकून ठेव. तुझं काही जात नाही ना ऐकलेलं? मग झालं. मला हे आधीच सांगितलं असतंस तर चार वर्षांत किती काम झालं असतं."

त्यात तुला वाईट वाटलं का, तू बरी आहेस का, असलं काही नव्हतं. तसलं त्यांना जमत नसे. पण मी आत जाऊन पोटभर रडले, आणि या वेळचं रडणं फार बरं होतं. संध्याकाळी आंटी पुन्हा आली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, "मेरी बहू ने बी.ए. सुन के किया है." आंटीला त्यातलं काहीही कळलं नाही. त्यांनी ते तिला दोनदा सांगितलं.

तिथून पुढे यंत्रं वाढतच गेली आणि माझी भीड मरत गेली. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिचे धडे सासूबाई टेप करायच्या आणि मी भाजी निवडताना ऐकून तिचा अभ्यास घ्यायचे. मग मोबाइल आले. मग मेट्रो आली, आणि मला वाटलं ही तर माझ्यासाठीच बांधली. प्रत्येक स्टेशनचं नाव बोलून सांगते. दरवाजे दायीं ओर उघडणार की बायीं ओर हेही सांगते, फक्त दायीं म्हणजे कुठली बाजू हे मला अजून पटकन कळत नाही. मी बाकीचे कुठे तोंड करतात ते बघते. नवरा रिटायर झाल्यावर आम्ही फरीदाबादला फ्लॅट घेतला. तोवर फोन कॅमेऱ्याने पाहून वाचायलाही लागला होता. मी लिफ्टजवळच्या नोटिसीसमोर फोन धरते आणि तो खणखणीत आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचतो की पाण्याची टाकी धुणार आहेत. सोसायटीतल्या बायका आधी दचकायच्या, आता विचारतात, "आंटी, आज क्या लिखा है?" औषधं, बिलं, बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक, लग्नपत्रिका, सगळं तो वाचतो. त्याचा आवाज सरकारी आहे, बारसं आणि बारावा एकाच सुरात. चालतं मला.

या सगळ्यात एक गोष्ट बिघडली. सासूबाईंचे कान गेले.

डोळे त्यांचे ठणठणीत होते. दोन्ही ऑपरेशनं झाल्यावर त्या पोथी स्वतः वाचत, पंच्याऐंशीनंतरही. पण कान हळूहळू गेले आणि मग एका वर्षात पार गेले. मशीन लावलं तर त्यात शिट्ट्या वाजतात म्हणून काढून ठेवायच्या. तीस वर्षं आवाजावर जगलेली बाई, तिला आता दाराची घंटा ऐकू येईना. नवऱ्याने एक पाटी आणली. त्यावर तो लिहायचा आणि त्या वाचायच्या. मुलगी बंगळुरूहून लांबलचक मेसेज करायची, ते त्या वाचायच्या. आणि मी? माझ्या हाताने लिहिलेलं मलाच परत लागत नाही, त्यांना काय लागणार. मी ओरडायचे. एकदा इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले, भांडण आहे का बघायला. आणि मी ओरडून विचारत होते, भाजीत गूळ घालू का.

दिवसभर आम्ही दोघीच घरात. तीस वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी जितकं बोललो तितकं माझ्या नवऱ्याशी कोणीच बोललं नसेल. आता त्या बोलायच्या आणि मी मान हलवायचे. हळूहळू त्यांनीही बोलणं कमी केलं. उत्तर येत नसेल तर माणूस किती बोलणार. त्या खिडकीशी बसायच्या, मी टीव्हीशी. मला वाटायला लागलं, हे असंच संपणार, आणि मी काहीही करू शकत नाही. त्यांनी माझ्यासाठी पाऊण तासाच्या कॅसेट भरल्या आणि मला त्यांच्यासाठी एक ओळ लिहिता येत नाही.

शेवटी मुलीने फोनवर सांगितलं, "आई, कीबोर्डवर माइकचं चित्र आहे बघ. ते दाब आणि बोल. ते लिहितं."

"आणि त्याने काहीतरी भलतंच लिहिलं तर? मला काय कळणार?"

"मग त्याच्याकडूनच वाचून घे ना. वाचणारं आहेच तुझ्याकडे."

म्हणजे एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने ते मला ऐकवायचं. मी खोलीचं दार लावून दोन दिवस सराव केला. मराठी ठेवलं की तो कधी नीट लिहायचा, कधी मनचंच. पण ऐकून मला चूक कळायची, पुसून पुन्हा बोलायचे. तिसऱ्या दिवशी मी अक्षरं मोठी करून फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचलं, "आज दुधी करू की भोपळा." मग माझ्याकडे पाहिलं. "हे कोणी लिहिलं?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"दुधी," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "डाळ घालून."

त्यानंतर आमचं पुन्हा सुरू झालं. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची सून कुठे गेली, लिफ्ट कितव्यांदा बंद पडली. मी बोलायचे, फोन लिहायचा, त्या वाचायच्या. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो ते कळत नाही, त्यामुळे त्या मोठ्याने वाचायच्या आणि सोसायटीभर बातमी जायची.

परवा दुपारी मी फोन घेऊन बाल्कनीत गेले आणि बरंच बोलले. मनात ठेवलेलं होतं, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. दोनदा ऐकलं, एक चूक काढली आणि फोन त्यांना दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या, तशाच मोठ्याने.

"आई तुम्ही माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता तेव्हा मी बॅग भरली होती पुण्याला जाणार होते कायमची तिकीट काढून आणलं होतं तिसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी होती तुम्ही दुपारी मला हाक मारली म्हणून राहिले."

वाचून झालं तरी त्या फोनकडेच बघत होत्या. मला वाटलं, उगाच लिहिलं. मग त्यांनी एकदा सगळं परत वाचलं, या वेळी मनातल्या मनात, ओठ हलत होते.

"बॅग भरलीस," त्या म्हणाल्या. "त्याच घरात. मी शेजारच्या खोलीत होते."

मी मान हलवली.

"तेव्हा माझे कान चांगले होते," त्या म्हणाल्या. "मला कसं ऐकू नाही आलं?"

त्यांचा हात माझ्या हातावर आला आणि तिथेच राहिला. असं त्या कधी करत नसत. मग दुसऱ्या हाताने त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "पूर्णविराम देत जा. दम लागतो वाचताना. आणि पुढे? पुढे लिही ना."

मी फोन तोंडाजवळ घेतला आणि पुढचं लिहायला लागले.